हॉट हॅच, ऑल-व्हील-ड्राइव्ह (वापरलेली)

छोट्या हॅचबॅकच्या अंगात टर्बो इंजिन आणि जोर चारही चाकांना, अशी गाडी. 'हॉट हॅच' हा शब्द बहुधा १९८० च्या दशकात इंग्लंडातल्या मोटार मासिकांतून रुळला.

यातली पहिली कुठली यावर एकमत नाही. बरेच जण १९८६ ची लान्सिया डेल्टा एचएफ सांगतात, कारण डेल्टाच्या जोरावर लान्सियाने १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं रॅलीचं उत्पादकांचं जगज्जेतेपद मारलं आणि नाव झालं ते झालंच. पण माझदाची ३२३ टर्बो जपानात १९८५ लाच चारही चाकांवर पळत होती, म्हणजे नुसत्या तारखा बघितल्या तर मान तिचा, आणि आम्हालाही तेच जास्त पटतं. फोक्सवॅगनवाले गोल्फ रॅलीचं नाव पुढे करतात, ती १९८९ ची, तेव्हा वादात धरायची गरज नाही.

गोल्फ आर, ऑडी एस३ या गाड्यांची गोष्ट वेगळी, त्यांचं मूळ स्वीडनच्या हाल्डेक्स कपलिंगमध्ये आहे, जे १९९८ च्या सुमारास ऑडी टीटी आणि चौथ्या पिढीच्या गोल्फमध्ये आलं. मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअरचा डबा) तोंडाशी तेलात बुडालेल्या क्लच प्लेट असतात, त्यांच्यावर तेलाचा दाब आला की मागची चाकं कामाला लागतात. पहिल्या पिढीत हा दाब पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातल्या फरकातून तयार व्हायचा, नंतर ते काम इलेक्ट्रिक पंपाकडे गेलं. पाचव्या पिढीत तर बदलता येणारा फिल्टरच काढून टाकला, फक्त पंपाला एक बारीक जाळी ठेवली, आणि खरी गोम इथेच आहे. प्लेटची झीज तेलात मिसळते, जाळीवर काळी चिकट पेस्ट बसते, पंप ओढून ओढून शेवटी जळतो. नुसतं तेल बदलून ही जाळी साफ होत नाही, पंप बाहेर काढावा लागतो, आणि तसं सांगितल्याशिवाय बहुतेक गॅरेजवाले तो काढत नाहीत. वर डॅशबोर्डवर बऱ्याचदा एक दिवासुद्धा लागत नाही, गाडी गुपचूप पुढच्या दोन चाकांवर चालत राहते आणि मालक चारचाकी जोराच्या थाटात फिरतो.

कोकणात हे कळतं ते मिरगाच्या पावसात, आंबा घाट नाहीतर आंबोली चढताना. घेण्याआधी जांभ्याच्या ओल्या खडीवर गाडी उभी करून एकदम ॲक्सिलरेटर द्यावा, पुढची चाकं नुसती लाल चिखल उडवत बसली आणि मागची फिरलीच नाहीत, तर समजून जावं. टायर दोनच नवे घातलेली गाडीही नको, कारण घेरात फरक पडला की कपलिंग विनाकारण राबत राहतं. मालवण-वेंगुर्ल्याकडे किनाऱ्यालगत राहिलेल्या गाडीत खाऱ्या हवेने खालचे बोल्ट इतके धरलेले असतात की पंप काढायचं काम तासाचं दिवसावर जातं.

इंजिनाबद्दल कमी लिहिलं तरी चालेल. फोक्सवॅगन गटाच्या ईए८८८ या टर्बो इंजिनात थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग गळतं, खाली वाळलेल्या कूलंटची गुलाबी खपली दिसते. इन्टेक वॉल्व्हवर कार्बन बसतो, डायरेक्ट इंजेक्शनचा (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याचा) हा जुनाच रोग. फोर्ड फोकस आरएसच्या सुरवातीच्या काही गाड्यांत चुकीचं हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधली सीलची पट्टी) बसलं होतं, कूलंट कमी होऊन थंड इंजिनातून पांढरा धूर यायचा, कंपनीने २०१८ मध्ये दुरुस्ती काढली.

भारतात अधिकृतपणे आलेलं ठळक उदाहरण म्हणजे २०२१ अखेरची मर्सिडीज-एएमजी ए ४५ एस. तिच्या मागच्या ॲक्सलमध्ये दोन वेगळे क्लच आहेत, त्यामुळे वरचं हाल्डेक्सपुराण तिला जसंच्या तसं लावू नये.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं, तेव्हा त्या भागातली त्याआधीची गाडी असेल तर स्टेपनीचा खड्डा आणि सीटखालचे रूळ बोट फिरवून बघावेत, पॉलिश करणारे तिथली गाळाची माती सहसा विसरतात.