ऑप्टिकल झूम आणि डिजिटल झूम: मॉडेल विमान टिपायला कॅमेरा घेताना कोणता आकडा बघायचा?

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘२० पट’ आणि ‘२५० पट’ असे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. घरच्या समारंभाचं चित्रीकरण करताना त्यांतला फरक फारसा जाणवत नाही. मॉडेल विमान मात्र उड्डाणानंतर काही सेकंदांत शंभर मीटरवर जातं. तेव्हा पडद्यावर विमान दिसणार की काळा ठिपका, हे त्यातल्या लहान आकड्यावर ठरतं.

तो लहान आकडा ऑप्टिकल झूमचा. त्यात लेन्समधली भिंगं सरकतात आणि विमानाची प्रतिमा सेन्सरवर खरोखरच मोठी पडते. डिजिटल झूममध्ये भिंग जागचं हलत नाही. आलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून ताणला जातो, म्हणून आकार वाढतो पण तपशील तेवढाच राहतो.

आकड्यांत पाहू. दीड मीटर पंखविस्ताराचं ट्रेनर (शिकाऊ उडवय्यांचं) विमान, अंतर १०० मीटर. ॲक्शन कॅमेऱ्याचा (हेल्मेटवर वगैरे लावायचा छोटा, रुंद कोनाचा कॅमेरा) आडवा कोन साधारण ९० अंश धरला, तर त्या अंतरावर चौकटीत २०० मीटर रुंदी मावते. फोर-केचे ३८४० पिक्सेल त्या रुंदीवर वाटले की विमानाच्या वाट्याला जेमतेम २९ येतात. चार पट डिजिटल झूम केला तरी खरे पिक्सेल २९च, फक्त पसरलेले. याउलट ३०० मिमी फोकल लेंग्थला (हा आकडा जितका मोठा तितका लेन्सचा कोन अरुंद आणि विमान मोठं) चौकट १२ मीटर रुंद होते आणि साध्या फुल एचडीच्या १९२० पिक्सेलांतही विमानाला २४० पिक्सेल मिळतात. एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, हलताना दिसतो तो इथे.

म्हणून ‘पट’ विसरा आणि मिलिमीटर बघा, तेही फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या, हिशोबातले. पट म्हणजे लेन्सच्या दोन टोकांचं गुणोत्तर, एवढंच. ७०-३०० मिमीची लेन्स जेमतेम सव्वाचार पट भरते, पण एपीएस-सी कॅमेऱ्यावर (त्याचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा दीड पट लहान, म्हणून मिलिमीटरना दीडने गुणायचं) ती ४५० मिमीपर्यंत पोचते. सोनीच्या एफडीआर-एएक्स४३ या कॅमकॉर्डरचे २० पट म्हणजे २६.८ ते ५३६ मिमी. मैदानावरच्या कामाला २०० ते ३०० मिमी हाताशी असले की पुरे.

त्यापुढे ऑप्टिकल झूमही अडचणीचा ठरतो. ५३६ मिमीला १०० मीटरवरची चौकट ६.७ मीटरच उरते. ताशी ७२ किलोमीटरने जाणारं विमान ती सेकंदाच्या एक तृतीयांशात ओलांडतं. त्याच्या मागे कॅमेरा वळवणं सरावलेल्या हातालाही जड जातं. २०० मिमीला चौकट १८ मीटरची होते आणि जवळजवळ एक सेकंद मिळतो. विमान निसटलंच तर आकाशभर शोधत बसू नका. झूम मागे घ्या, विमान सापडलं की पुन्हा पुढे. व्ह्यूफाइंडर असेल तर दुसरा डोळा उघडाच ठेवा.

डिजिटल झूमची एक पद्धत मात्र उपयोगाची आहे. फोर-केमध्ये, २०० मिमीला, विमानाभोवती थोडी जागा सोडून चित्रीकरण करा आणि नंतर संकलनात मधला अर्धा भाग घेऊन फुल एचडी बनवा. दुप्पट झूम मिळतो आणि पिक्सेल ताणावे लागत नाहीत. कॅमेऱ्यातला डिजिटल झूम मेनूतून बंदच ठेवा, नाहीतर घाईत झूमची कळ दाबून धरली की ऑप्टिकल झूमची सीमा कधी ओलांडली ते कळत नाही.

फोनवर हा गोंधळ सर्वांत जास्त. ‘५x’ दाबलं म्हणजे टेलिलेन्सच (लांबचं टिपणारी वेगळी लेन्स) चालू झाली असं नाही. उजेड कमी झाला की बरेच फोन मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून दाखवतात. झूम लावून टेलिलेन्सवर बोट ठेवा. चित्र काळं झालं तर झूम खरा, नाहीतर कापलेला.

लेन्स योग्य घेऊनही चित्र बिघडतं, ते बहुधा फोकसमुळे. रिकाम्या आकाशात ऑटोफोकसला पकडायला काही नसतं, तो पुढेमागे भटकत राहतो. दूरच्या पाण्याच्या टाकीवर किंवा झाडावर पूर्ण झूममध्ये फोकस करून मॅन्युअलवर टाका. उजळ आकाशामुळे विमानाचं पोट काळं येतं. सूर्य पाठीशी घ्या आणि एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवा. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते आणि लांब लेन्समध्ये विमान थरथरतं. त्यावर सेटिंग नाही, सकाळी लवकर उडवा.

शटरही, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सेन्सर किती वेळ उजेड घेतो तेही, सांभाळावा लागतो. १०,००० आरपीएमचा (मिनिटाला इतक्या फेऱ्यांचा) प्रॉपेलर १/२००० सेकंदात ३० अंश फिरतो, त्यामुळे रोलिंग शटरच्या (चित्र एकदम न घेता ओळीओळीने टिपणाऱ्या) कॅमेऱ्यात पाती वाकडी दिसतात. १/१०० ला तो दीड फेऱ्यांहून जास्त फिरतो आणि छान धूसर चकती उमटते. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ/५.६ ठेवून १/१०० हवा असेल तर एनडी८ फिल्टर (उजेड आठ पट कमी करणारी गडद काच) लावा.

कंट्रोल लाइन विमानांना (मध्ये उभं राहून तारांनी धरून वर्तुळात उडवायची विमानं) यातलं बरंच लागू नाही. तारा साधारण १५ ते २० मीटरच्या, त्यामुळे विमान कधी अगदी समोर, कधी वर्तुळाच्या पलीकडे. तिथे रुंद कोनाचा ॲक्शन कॅमेराच बरा. फक्त तारांच्या घेरापासून काही मीटर मागे उभं राहा.