समनर, जे. डी.

(१९ नोव्हेंबर १९२४ – १६ नोव्हेंबर १९९८). अमेरिकेच्या सदर्न गॉस्पेल संगीतातील खर्जाचे गायक, गीतकार व संघचालक. पूर्ण नाव जॉन डॅनियल समनर. जन्म फ्लॉरिडातील लेकलंड येथे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील गोऱ्या प्रॉटेस्टंट समाजात वाढलेल्या या भक्तिगायनाचा कणा म्हणजे चार पुरुषांची चौकडी. तिच्यात बेस म्हणजे खर्जाच्या गायकाने एरवी बाकीच्या तिघांना खालून आधार द्यायचा. समनर आले आणि श्रोते त्या खालच्या सुराचीच वाट पाहू लागले.

ते सनशाइन बॉइज या चौकडीत गात असताना, ३० जून १९५४ रोजी, ब्लॅकवुड ब्रदर्स या नामवंत संघाचे विमान अलाबामातील क्लँटन येथे कोसळले. आर. डब्ल्यू. ब्लॅकवुड आणि बेस गायक बिल लाइल्स त्यात गेले. लाइल्स यांच्या जागी समनर यांना घेतले. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने संघाने जुनी बस विकत घेऊन तिच्यात झोपायची सोय करून घेतली. गॉस्पेल संघांनी स्वतःच्या बसने दौरे करायची पद्धत पुढे सगळीकडे रुजली, तिचे मोठे श्रेय समनर यांचे. जेम्स ब्लॅकवुड यांच्यासह १९५७ मध्ये त्यांनी मेम्फिसला नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन हे संमेलन सुरू केले.

१९६५ मध्ये ते स्टॅम्प्स क्वार्टेट या गॉस्पेल चौकडीचे प्रमुख झाले. रॉक अँड रोलचा विख्यात गायक एल्व्हिस प्रेस्ली पोरवयापासून त्यांचा चाहता. तिकिटाला पैसे नसत, तेव्हा समनर त्याला मेम्फिसच्या सभागृहात मागच्या दाराने आत घेत. त्याच एल्व्हिसने १९७१ मध्ये स्टॅम्प्सना साथीला बोलावले, ते अखेरपर्यंत. १९७७ च्या ‘वे डाउन’ या गाण्याच्या शेवटी समनर यांचा आवाज घसरत जाऊन पियानोच्या डावीकडून तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर टेकतो. हा सूर सेकंदाला जेमतेम ३३ कंपनांचा. तिथे बहुतेकांच्या गळ्यातून नुसती घरघर निघते. सर्वांत खालच्या सुरासाठी गिनीज बुकात त्यांचे नाव बरीच वर्षे होते. एल्व्हिसच्या आईच्या अंत्यविधीत ते ब्लॅकवुड ब्रदर्ससह गायले होते; १९७७ मध्ये एल्व्हिसच्या अंत्यविधीतही गायले.

जेम्स ब्लॅकवुड, जेक हेस अशा जुन्या मंडळींसह ‘मास्टर्स फाइव्ह’ हा संघ काढून त्यांनी ग्रॅमीही मिळवले. साउथ कॅरोलायनातील मर्टल बीच येथे, दौऱ्यावर असतानाच, त्यांचे निधन झाले.