तळं फ्रेममध्ये, खिंड फ्रेमबाहेर

जुलै-ऑगस्टात ठाण्यात छत्री मिटायला उसंत नसते, तेव्हा इथली बरीच ट्रेकर मंडळी काश्मीरमध्ये असतात. मोसमी पाऊस पीरपंजालच्या रांगेला अडतो, त्यामुळे तिकडे आभाळ बऱ्यापैकी मोकळं मिळतं. आठवड्याभराने सगळ्यांच्या स्टेटसला एकच फोटो येतो: वर हरमुखचं शिखर, खाली नुंदकोल तळ्याचं निळं-हिरवं पाणी आणि पाण्यात उलटा हरमुख. तलावांच्या शहरातली माणसं तळं बघायला साडेतीन हजार मीटरवर जातात, याचं ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसलं की हसू येतं. पण ती वाट मुळात तळ्यासाठी पडलेलीच नव्हती. वाट पडली खिंडीसाठी. तळं म्हणजे मुक्कामाची जागा, जनावरांना पाणी मिळायचं ठिकाण.

खिंडीचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. १६६० पासून तो शब्द उच्चारला की आधी बाजीप्रभू आठवतात. आणि ठाणे जिल्ह्याची स्वतःची खिंड तर त्याहून कितीतरी जुनी. मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला उतरून नाणेघाट चढला की वर सातवाहनांचा ब्राह्मी लेख असलेली गुहा लागते आणि जवळच तो दगडी रांजण. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला जायचा आणि रांजणात जकात पडायची, असं मानतात. घाटमाथ्यावरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी कुणी बैल चढवले नव्हते.

हिमालयात नेमकं हेच, फक्त उंची पाचपट. हिमाचलातला हामटा पास, म्हणजे खिंड (सुमारे ४,२७० मीटर), ही गद्दी मेंढपाळांची वाट. उन्हाळ्यात कुल्लूकडची मेंढरं लाहौलच्या कुरणांवर न्यायची ती याच वाटेने. काश्मीरच्या तळ्यांच्या वाटेवर गुज्जर आणि बकरवाल हे पशुपालक अजूनही घोडे-मेंढ्या घेऊन भेटतात. नावांतही हे मुरलेलं आहे. तिबेटी ‘ला’ म्हणजेच खिंड, त्यामुळे ‘झोजी ला पास’ म्हणणं म्हणजे ‘पिवळं पितांबर’. काश्मिरी ‘सर’ म्हणजे तळं: विशनसर, किशनसर, गडसर.

तळ्यासाठीच चढून जाणारे लोकही होते, पण ते यात्रेकरू. हरमुखच्या पायथ्याच्या गंगाबलला काश्मिरी पंडित अस्थिविसर्जनासाठी जात. मग १८५६ मध्ये सर्वेक्षण खात्याचा माँटगोमेरी त्याच हरमुखवर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन चढला. दोनशे किलोमीटरहून लांब काराकोरममध्ये त्याला दोन ठळक शिखरं दिसली आणि त्याने वहीत के-१, के-२ अशी नोंद केली. के-१ला पुढे मशेरब्रूम हे स्थानिक नाव मिळालं, के-२ मात्र के-२च राहिला. नुंदकोलच्या काठावर सेल्फी काढणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं, की मागचा डोंगर हा जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराचं बारसं झालेली जागा आहे?

आता कॅमेरा. १८६३ साली, बोरघाटातून आगगाडी धावू लागली त्याच वर्षी, नॉटिंगहॅमच्या बँकेतली नोकरी सोडून सॅम्युअल बोर्न भारतात आला. सिमल्याला पोचल्यावर त्याची पहिली तक्रार काय, तर या परिसरात ना तळं, ना नदी, ना वेली चढलेले पडके वाडे. फोटो कशाचा काढायचा? इंग्लंडमधली चित्रं बघून तयार झालेली नजर होती ती. सुंदर देखावा म्हणजे पुढे पाणी आणि मागे डोंगर, हे समीकरण तो घरून घेऊनच आला होता. आज आपण मोबाइल आडवा धरून तेच करतो, हे मला जरा बोचतं.

पण त्याच्या कष्टांपुढे हात जोडावे लागतात. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, अंधाऱ्या तंबूत ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवून फोटो घ्यायचा आणि थर वाळायच्या आत तंबूत परत पळून ती धुवायची. म्हणजे दरेक फोटोला तंबू उभारलेला हवा, रसायनं हवीत, स्वच्छ पाणी हवं. काचांच्या पेट्या हमालांच्या पाठीवर. हमालाचा एक पाय घसरला की आठवड्याचं काम खळ्ळकन संपलं. एवढं सगळं घेऊन बोर्न १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत, म्हणजे १८,६०० फुटांवर पोचला आणि त्याने तिथे फोटो घेतले. इतक्या उंचीवर त्याआधी कुणी घेतले नव्हते, आणि हा विक्रम पुढची कैक वर्षं टिकला. त्या फोटोंत तळं नाही. दगड आहेत, बर्फ आहे आणि पलीकडे उतरणारी वाट आहे.

पुढे कोरड्या काचा आल्या. इटलीच्या व्हित्तोरियो सेल्लाने १९०९ मध्ये के-२च्या मोहिमेवर भल्यामोठ्या काचा वापरून जे टिपलं, ते गिर्यारोहक अजूनही मार्ग ठरवताना बघतात. मग फिल्मचा रोल आला आणि हमालांच्या पाठीवरचा कॅमेरा गळ्यात लटकला.

ठाण्या-डोंबिवलीच्या मध्यमवर्गाला हिमालय परवडू लागला तो मुख्यतः युथ हॉस्टेल संघटनेच्या ट्रेकमुळे. कसोलच्या बेस कॅम्पहून सुटणारा सार पास हा आमच्या आधीच्या पिढीचा पहिला ‘पास’. ताट-वाटी स्वतःची न्यायची आणि रात्री आगीविना कॅम्पफायर. सराव म्हणजे मुंब्रादेवीच्या पायऱ्या नाहीतर मामा-भाचेचा डोंगर. दम वाढायचा, पण चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच उरतो. त्याचा सराव खाडीकाठच्या गावात कुठून होणार?

त्या काळात रोल छत्तीस फ्रेमचा. तीन रोल म्हणजे चैन. परत आल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतीला पांढरी चादर लावून स्लाइड शो व्हायचा, आणि बर्फाच्या स्लाइड्स हमखास राखाडी निघायच्या. कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्यालाही मध्यम करड्याच्या मापाने मोजतो, त्यामुळे बर्फावर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्यावा लागतो. हे आम्हाला दुसऱ्या ट्रेकनंतर कळलं. तोवर पहिल्याचा बर्फ सिमेंटचा झालेला होता.

काश्मीरची तळी रोलच्या पिढीला मिळाली नाहीत. १९८९-९० नंतर तो रस्ता आपल्यासारख्यांना जवळपास बंदच झाला आणि गर्दी हिमाचल-उत्तराखंडकडे वळली. काश्मीरचा ओघ खऱ्या अर्थाने वाढला तो २०१० नंतर, तोवर सगळ्यांच्या हातात डिजिटल कॅमेरे आले होते. छत्तीसचं बंधन गेलं आणि तळ्यांनी खिंडींवर कायमची मात केली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यात डोंबिवलीतले तिघं गेले. त्यानंतर इथल्या घरांतून काश्मीरचा विषय काढणं जड झालं.

गर्दीची किंमत तळ्यांनी मोजली आहे. हिमाचलातलं सुमारे ४,३०० मीटरवरचं चंद्रताल २००५ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. आता काठावर तंबू ठोकता येत नाही, गाडी आणि कॅम्प दूर ठेवून चालत जायचं. उत्तराखंडात उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, मुक्कामाला मनाई केली आणि रूपकुंड तळ्याची वाट अडली. मला दोन्ही निर्णय पटतात, रूपकुंड राहून गेलं तरी.

हामटा आणि चंद्रताल यांची उंची जवळजवळ सारखी. पण पासवर वारा असतो, दुपारी हवा बिघडायच्या आत उतरायचं म्हणून गाइड हाकलत असतो, बोटं बधिर असतात. तळ्यावर मात्र पहाटे वारा सुटायच्या आत, रात्रभर स्लीपिंग बॅगेत ऊब देऊन जपलेली बॅटरी घालून, निवांत बसता येतं. माझ्याकडे चंद्रतालचे दोनशेच्या वर फोटो आहेत. हामटाचे चार आहेत आणि त्यातल्या एकात निम्मा माझा हातमोजा आहे.