पाईनच्या जंगलातलं ते पांढरं फूल अळंबी नाही

हिमालयात ट्रेकला गेलेल्या जळगावच्या पोरांनी पाठवलेला एक फोटो सध्या आपल्याकडच्या ग्रुपवर फिरतोय. पाईनच्या जंगलात पाचोळ्यातून वर आलेलं, जेमतेम वीतभर, पांढरंफटक, मान खाली घातलेलं काहीतरी. कोणी म्हणतं अळंबी, कोणी म्हणतं शंभर वर्षांतून एकदा उमलणारं दैवी फूल, दहा जणांना पाठवा. दैवी वगैरे काही नाही, असले मेसेज पुढे ढकलूच नका. हे मोनोट्रोपा युनिफ्लोरा, बुरांसच्या म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातलं रानफूल.

फोटो झूम करा. देठावर पानांऐवजी बारीक खवले, टोकाला एकच फूल, अन् त्यात खालून डोकावलं तर पाकळ्यांच्या आत पुंकेसर दिसतात. अळंबीला पुंकेसर कुठून येणार? एकाच देठावर पिवळसर फुलांचा घोस असेल तर तो याचा भाऊबंद, मोनोट्रोपा हायपोपिटिस.

आता खरी मजा. यात हरितद्रव्य अजिबात नाही, मग जगतं कशावर? जुन्या पुस्तकांत मृतोपजीवी लिहिलेलं असायचं, म्हणजे कुजका पाला खाणारं, पण ते चूक आहे. आपल्याकडचा टारफुला ज्वारीच्या मुळात घुसतो, अमरवेल बाभळीला विळखा घालून थेट रस ओढते, हे मात्र झाडाला हातच लावत नाही. पाईनच्या मुळांच्या टोकांवर बुरशीचं आवरण असतं, बुरशी झाडाला पाणी अन् फॉस्फरससारखी द्रव्यं आणून देते, झाड तिला साखर देतं, अन् त्याच बुरशीचे धागे मोनोट्रोपाच्या मुळांनाही गुंडाळलेले असतात, तिथून हे साखर काढून घेतं. 1960 साली ब्यॉर्कमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने झाडांच्या खोडात किरणोत्सारी कार्बनवाली साखर टोचली, तर तो कार्बन जवळच्या हायपोपिटिसमध्ये सापडला! त्यातही कुठलीही बुरशी चालत नाही, युनिफ्लोराला रसूलाच्या कुळातली लागते, हायपोपिटिसला ट्रायकोलोमा. म्हणून हे उपटून घरच्या कुंडीत लावलं तर जगत नाही, हात लागला की काळंही पडतं.

पुढच्या वेळी कोणी गेलं तर तोडू नका. एक फोटो बाजूने, एक खालून फुलाच्या आतला, अन् एक डोक्यावरच्या झाडाचा काढा, एवढ्यावर ओळख पटते.