विधी पदवी अभ्यासक्रम

भारतात वकिलीची सनद मिळवण्यासाठी आवश्यक असलेल्या एल्एल. बी. पदवीचा अभ्यासक्रम. तो पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा असतो. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये त्याचा किमान दर्जा भारतीय विधिज्ञ परिषद ठरवते. सध्याची विषययोजना मुख्यतः परिषदेच्या २००८ च्या नियमांवर आधारलेली आहे.

मुंबईतील विधिशिक्षणाचा आरंभ सामान्यतः १८५५ हा मानतात. सरन्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ स्थापन झालेले न्यायशास्त्राचे अध्यासन आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील विधिवर्ग यांतून पुढे शासकीय विधी महाविद्यालय उभे राहिले. तथापि वर्ग भरणे आणि पदवी देणे या वेगळ्या गोष्टी असल्यामुळे, पदवी अभ्यासक्रमाची पूर्वमर्यादा मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपर्यंत (१८५७) आणणे अधिक सयुक्तिक वाटते.

नियमांनुसार २० अनिवार्य विषय, ४ प्रात्यक्षिक विषय आणि किमान ६ ऐच्छिक विषय असतात. न्यायशास्त्र, करार, अपकृत्ये (भरपाई मागता येईल अशी दिवाणी स्वरूपाची गैरकृत्ये), संविधान, मालमत्ता, पुरावा, दिवाणी प्रक्रिया, कंपनी, कर आणि कामगार कायदा हे अनिवार्यांपैकी प्रमुख होत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. मात्र त्यापूर्वीच्या गुन्ह्यांसाठी जुन्या दंड संहितेचे ज्ञान अद्याप लागते.

कौटुंबिक कायद्याच्या विषयात मात्र इतिहास टाळता येत नाही. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क मिळतो, हे तत्त्व विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेतून, म्हणजे याज्ञवल्क्य स्मृतीवरील त्याच्या टीकेतून (भाष्यातून), आले आहे. या टीकेचा काळ अकराव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्याच्या पहिल्या चरणापर्यंत निरनिराळा सांगितला जातो. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांचा कल अकराव्या शतकाकडे आहे व तो ग्राह्य धरण्यास हरकत नसावी. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे मिताक्षरेला अग्रस्थान असले, तरी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मतभेदाच्या प्रसंगी नीलकंठाचा सतराव्या शतकातील व्यवहारमयूख हा धर्मशास्त्रग्रंथ प्रमाण मानला जाई. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ ने या भेदाचे महत्त्व बरेच कमी केले. तरी २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायिक (एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील वाटेकरी) ठरवले ते याच मिताक्षरा कुटुंबात. त्यामुळे ही पार्श्वभूमी वगळून केवळ कलमे शिकवणे अपुरे ठरते. गोव्यात विवाह व मालमत्ता यांबाबत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू असल्याने तेथील वकिलाला हिंदू कायद्याबरोबर तिचाही अभ्यास करावा लागतो.

प्रात्यक्षिकांत दावे व दस्तऐवज यांचे लेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालय (सरावासाठी भरवलेले नकली न्यायालय) यांचा समावेश होतो. याखेरीज तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची उमेदवारी (इंटर्नशिप) आवश्यक आहे.