एका अॅडॅप्टरवर अनेक पेडल: घरघर आली कुठून?

गिटार आणि अॅम्प्लिफायरच्या मधे जोडून आवाज बदलणाऱ्या डबीला पेडल म्हणतात. १९६२ साली बाजारात आलेले माएस्ट्रो फझ-टोन हे आवाज खरखरीत करणारे (फझ) पेडल दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालायचे. पुढे बहुतेकांनी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी धरली, कारण ट्रान्झिस्टर रेडिओमुळे ती सगळीकडे मिळत होती. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझला करंट लागायचा जेमतेम एखाद-दोन मिलिअँप, त्यामुळे बॅटरी महिनोन्‌महिने पुरायची. तिचा खरा फायदा मात्र कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. प्रत्येक पेडलचा वीजपुरवठा त्याच्या डबीतच होता आणि शेजारच्या पेडलशी त्याचा संबंध फक्त ऑडिओ केबलपुरता होता.

रेडिओवाल्यांनी हे सगळे आधीच भोगले होते. १९२० च्या दशकात घरगुती रेडिओच्या बॅटऱ्या काढून त्या जागी मेन्सवर (घरच्या विजेवर) चालणारे बॅटरी एलिमिनेटर आले आणि त्यांच्याबरोबर मेन्सचा हम, म्हणजे घरघरही आली. एकाच पुरवठ्यावरच्या अनेक स्टेज (सर्किटचे टप्पे) एकमेकींना त्या तारेतूनच सिग्नल पोचवू लागल्या, की स्पीकरमधून फट्‌-फट्‌ आवाज यायचा. त्याला ‘मोटरबोटिंग’ म्हणत. उपायही तेव्हाच सापडला: प्रत्येक स्टेजच्या तोंडाशी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. आजही पेडलच्या सर्किटमध्ये १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड ही जोडी दिसते, ती याच घराण्यातली. तिची कटऑफ फ्रीक्वेन्सी, म्हणजे जिच्यावरचे चढउतार ती दाबते ती मर्यादा, सुमारे १६ हर्ट्झ येते, म्हणजे मेन्समधून येणारा १०० हर्ट्झचा रिपल (व्होल्टेजचा चढउतार) साधारण सहा पटींनी खाली जातो. पाच मिलिअँप घेणाऱ्या ओव्हरड्राइव्ह पेडलला यात अर्धा व्होल्ट गमवावा लागतो, तो परवडतो. पन्नास मिलिअँपच्या डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणाऱ्या) पेडलला पाच व्होल्ट गमावणे परवडत नाही.

१९७७ पासून बॉस कंपनीची छोटी पेडल येऊ लागली आणि अॅडॅप्टरचे जॅक सर्रास दिसू लागले. त्या जॅकचा मधला पिन ऋण असतो. हे उलटे वाटते, पण कारण साधे आहे: प्लग आत गेला की बॅटरी तोडणारा स्विच जॅकच्या बाहेरच्या संपर्काला असतो आणि धन बाजू तोडायची तर ती बाहेर असणेच सोयीचे. बॉसचा जुना ‘एसीए’ अॅडॅप्टर अनरेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर न ठेवणारा; भार कमी असला की व्होल्टेज बरेच चढायचे. म्हणून पेडलच्या आत ऋण वाटेवर एक रेझिस्टर आणि डायोड घातलेले असत. नंतर नऊ व्होल्ट स्थिर देणारा रेग्युलेटेड ‘पीएसए’ अॅडॅप्टर आला. आता एसीए काळातले पेडल एकटेच पीएसएवर लावा: एलईडी मंद. त्याच अॅडॅप्टरवर एक नवे पेडल जोडा आणि दोघांमध्ये ऑडिओ केबल लावा: एलईडी लख्ख उजळतो. कारण जुन्या पेडलचा करंट आता रेझिस्टरची वाट सोडून ऑडिओ केबलच्या शील्डमधून (बाहेरच्या जाळीतून) शेजाऱ्याकडे आणि तिथून अॅडॅप्टरकडे परततो.

माझ्या मते घरघरीचे सगळे मर्म या एका प्रयोगात आहे. लोक अॅडॅप्टरच्या धन बाजूला कपॅसिटर वाढवत बसतात आणि परतीच्या वाटेकडे बघतच नाहीत. डेझी चेनमध्ये, म्हणजे एकाच अॅडॅप्टरवर साखळीने जोडलेल्या पेडलमध्ये, पुरवठ्याची ऋण तार आणि ऑडिओचे शील्ड मिळून एक बंद वेटोळे होते. समजा शील्डचा रोध ०.०५ ओहम आहे आणि कुठल्याशा पेडलचा करंट २० मिलिअँपने वरखाली होतोय. शील्डवर एक मिलिव्होल्ट उमटला, आणि तो सिग्नलमध्येच मिसळला. पुढे सिग्नल हजारपट वाढवणारे डिस्टॉर्शन पेडल असेल तर एवढाही पुरे.

वरखाली होणारा करंट आणला कोरस आणि डिले या पेडलनी. फिलिप्समध्ये १९६९ च्या सुमारास बकेट ब्रिगेड चिपची कल्पना निघाली. ही चिप सिग्नल टप्प्याटप्प्याने पुढे ढकलून उशिरा पोचवते आणि तिला क्लॉक, म्हणजे ठराविक वेगाचे ठोके, लागतात. एका पेडलचा क्लॉक ३१ किलोहर्ट्झ, दुसऱ्याचा ३३. दोन्ही कानाला न ऐकू येणारे. एकाच तारेवर आले की फरकाची दोन किलोहर्ट्झची शिट्टी वाजते. १९८३ च्या बॉस डीडी-२ पासून डिजिटल डिलेही पायाशी आला आणि करंटची भूक आणखी वाढली.

पीएनपी जातीच्या ट्रान्झिस्टरच्या जुन्या फझची कथा वेगळी. त्यांचे ग्राउंड धन बाजूला असते, त्यामुळे ते इतरांच्या साखळीत घातले की शील्डमधून सरळ शॉर्ट होतो. तिथे कितीही फिल्टर लावून उपयोग नाही.

यावर तोडगा निघाला तो आयसोलेटेड, म्हणजे एकमेकांपासून विलग, पुरवठ्याचा. एका टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक आउटपुटसाठी वेगळे वाइंडिंग, वेगळा रेक्टिफायर, वेगळा रेग्युलेटर. व्हूडू लॅब कंपनीच्या ‘पेडल पॉवर २’ या पुरवठ्याने ही रचना घरोघरी पोचवली. म्हणजे फिरून स्वतंत्र बॅटऱ्याच, फक्त एका डब्यात. प्रत्येक पेडलचा करंट आपल्याच वाइंडिंगकडे परततो आणि ऑडिओ केबलवर फक्त ऑडिओ उरतो. याच काळात स्वस्त स्विचिंग अॅडॅप्टरही आले. एकच आउटपुट, पण १,७०० मिलिअँप. चार अॅनालॉग पेडलना तो उत्तम चालतो. डिजिटलला वेगळे आउटपुट द्या, बाकीचे साखळीत ठेवा, एवढ्याने पुष्कळदा भागते.

आयसोलेशन पेडलच्या आतल्या आवाजाला मात्र हात लावत नाही. नऊचे अठरा व्होल्ट करायला क्लॉन सेंटॉर या ओव्हरड्राइव्ह पेडलने १९९४ मध्ये चार्ज पंप (व्होल्टेज वाढवणारी चिप) वापरला आणि नंतर पुष्कळांनी. साधी आयसीएल७६६० चिप १० किलोहर्ट्झच्या आसपास धडधडते, तीही ऐन ऐकू येणाऱ्या पट्ट्यात. मॅक्स१०४४ या तशाच चिपचा पहिला पिन आठव्याला जोडला की ऑसिलेटर कानाच्या आवाक्याबाहेर जातो.