माळ, मेंदू आणि तलफ

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पंढरीकडे निघते, त्या दिवसांत या भागातील कितीतरी घरांत एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो : "यंदा तरी हे माळ घालतील का?" विचारणारी बहुधा बायको असते, कधी आई. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू आणि मांसाहार सुटला, हा आमच्याकडचा संकेत आहे, आणि त्याच्या आधारावर मोडता मोडता सावरलेले संसार मी पाहिले आहेत. म्हणूनच माळ घातल्यावर माणसाच्या शरीरात आणि मनात नेमके काय घडते, हे नीट समजून घ्यावेसे मला वाटते.

माझे चुलते, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी कराड तालुक्यातील आमच्या गावी अशीच माळ घातली. वीस वर्षे रोज पिणारा माणूस एका सकाळी थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात इतके थरथरू लागले की कपातला चहा बशीत सांडू लागला. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा उतरताना दिसू लागल्या आणि ते अंगावरची गोधडी पुन्हा पुन्हा झटकत बसले. "माळंचा कोप झालाय," असे शेजारी म्हणाले. काकूंनी ते कानाआड केले आणि रातोरात गाडी करून त्यांना दवाखान्यात नेले.

हा कोप नव्हता. दारू मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या 'ग्लुटामेट'चा परिणाम दाबते. रोजच्या पिण्याला तोंड देण्यासाठी मेंदू उलट दिशेने जोर लावायला शिकतो, आणि वर्षानुवर्षे ही रस्सीखेच चालू राहते. दारू अचानक बंद झाली की एका बाजूने दोर सोडल्यासारखे होते आणि दुसरी बाजू भेलकांडते. घाम, कंप, छातीत धडधड ही लक्षणे काही तासांत दिसतात. साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भास व भ्रम यांची अवस्था येऊ शकते. उपचाराविना ती जीवघेणी ठरू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेली शामक औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व यांनी हा काळ सुरक्षितपणे पार पडतो. रोज पिणाऱ्याने सोडण्याचा निश्चय केला, तर तो आधी डॉक्टरांच्या कानावर घालावा, हे दर आषाढीला मंदिराच्या कर्ण्यावरून सांगितले जावे असे मला मनापासून वाटते.

शरीर आठवड्याभरात निवळते. तलफ मात्र निवळत नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, फळाचा रस मिळण्याआधी दरवेळी एक खूण दिली, तर काही काळाने मेंदूतील डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी रसाला नव्हे, त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागतात. आमच्या भागात ही खूण म्हणजे ऊसबिल जमा झाल्याचा दिवस, गुत्त्याकडे वळणारी पाऊलवाट किंवा संध्याकाळी पारावरून येणारी ओळखीची हाक. केंट बेरिज या मेंदूशास्त्रज्ञाने पुढे दाखवले की 'हवेसे वाटणे' आणि 'आवडणे' यांच्या यंत्रणा मेंदूत वेगळ्या आहेत. व्यसनात पहिली फुगत जाते, दुसरी फुगत नाही. "आता मजा काहीच येत नाही, तरी पाय तिकडंच वळतात," असे अण्णा म्हणत, तेव्हा घरच्यांना तो बहाणा वाटे. ते खरे सांगत होते. त्यात दुःखाची भर पडते. कर्ज, भांडणे आणि लाज यांनी मन पोळते, ते विझवायला पुन्हा दारू लागते, आणि तिच्यातूनच उद्याची लाज जन्मते.

मग माळ कोठे उपयोगी पडते? या प्रश्नाला जवळचे उत्तर अमेरिकेतून मिळते. १९३५ साली ओहायोतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा दारू सोडलेला माणूस कामासाठी गेला होता. तलफ अनावर झाली, तेव्हा त्याने बोलण्यासाठी दुसरा दारुडा शोधला. त्याला भेटले डॉ. बॉब स्मिथ, आणि त्या भेटीतून दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठका भरवणारी संघटना 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली. 'आम्हाला उमगलेल्या परमेश्वराला' शरण जाणे हा तिच्या बारा पायऱ्यांचा गाभा आहे. २०२० साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण तपासले गेले. या बैठकांकडे पद्धतशीरपणे वळवलेले रुग्ण सलग दारूमुक्त राहण्यात इतर प्रचलित मानसोपचार घेणाऱ्यांच्या पुढे होते. असे का होते, याचा शोध घेताना संशोधक जॉन केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की सर्वांत मोठा वाटा बदललेल्या संगतीचा आणि वाढलेल्या आत्मविश्वासाचा असतो. आध्यात्मिकतेचा वाटा अधिक गंभीर व्यसन असणाऱ्यांत ठळक दिसतो.

आमच्या गावात संध्याकाळी सातला पूर्वी अण्णांची पावले जिकडे वळत, त्याच वेळेला आता हरिपाठ असतो. जागा बदलते, सोबत बदलते, हातात ग्लासाऐवजी टाळ येतो. देव मानणाऱ्याला तेथे देव भेटत असेल. पण न मानणाऱ्यासाठीही वाट आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाला आयुष्य दिलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या 'परिवर्तन' संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते, तिने व्यसनमुक्तीचे काम साताऱ्यातच केले आहे.

भीती घालून घेतलेल्या शपथेबद्दल मात्र माझे मत चांगले नाही. कोणाला देवापुढे ओढत नेऊन मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात, कोणी भाजीत गुपचूप औषध कालवतात. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली, तर रक्तदाब घसरून जीवावर बेतू शकते. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे औषध आहे. शपथेचा धोका वेगळा आहे. अ‍ॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने दाखवले की संपूर्ण वर्ज्य पाळणारा माणूस एकदा घसरला आणि 'मी मुळातच नालायक' असे मानू लागला, की एका पेल्याची घसरण पूर्ण कोसळण्यात बदलते.

अण्णांचे तेच झाले. चौदा महिन्यांनी एका लग्नात ते प्याले, घरी येऊन माळ काढून खुंटीला अडकवली आणि "माळ बाटली, आता काय उरलं?" म्हणत बारा दिवस पीत राहिले. तेराव्या दिवशी गावच्या दिंडीचे विणेकरी आले. त्यांनी उपदेश केला नाही. खुंटीवरची माळ उतरवली, कुजलेला दोरा काढला, ओसरीवर बसून एकेक मणी नव्या दोऱ्यात ओवला, आणि ती अण्णांच्या हाती देऊन म्हणाले, "डॉक्टरकडं जाऊन या. सातला हरिपाठ आहे."

त्याला आता नऊ वर्षे झाली. गावात कोणी माळ घालायची म्हटली, की अण्णा त्याला आधी विचारतात, "रोज किती घेता?" आणि उत्तर ऐकून बहुतेक वेळा त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर मागे बसवून कराडच्या दवाखान्यात घेऊन जातात.